पहिला हात कोणी उचलला?

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत भाषेवरून रान उठलं, तेव्हा बोलणं खूप झालं. मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. १६ एप्रिलला राज्य सरकारने शासन निर्णय काढून मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाला म्हणून १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यातून सक्तीचा शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर तशी मागणी करणारी किमान वीस मुलं इयत्तेत हवीत, ही अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. त्याच सुमारास मीरा रोडला मराठी बोलण्यावरून झालेल्या वादात मनसेच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराच्या थोबाडीत मारली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. तेव्हापासूनची चर्चा ऐका: हिंदी मोठी की मराठी? दुकानदार उर्मट होता की बिचारा? मुंबई कोणाच्या घामावर उभी राहिली? शासन निर्णयाने ज्यांचं रक्त उसळलं, त्यांतल्या अनेकांना थप्पड योग्यच वाटली. थप्पड पाहून ज्यांना कायदा आणि सुव्यवस्था आठवली, त्यांतल्या अनेकांना सहा वर्षांच्या मुलावर लादलेल्या भाषेत वावगं काही दिसलं नाही.

मला हे दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. ज्या माणसाने दुसऱ्याच्या अंगाला, मालमत्तेला किंवा त्याच्याशी केलेल्या कराराला धक्का लावलेला नाही, त्याच्यावर आपण होऊन बळ वापरायचं नाही. काम कितीही पवित्र वाटलं तरी नाही, बहुमत पाठीशी असलं तरी नाही. बळ वापरणाऱ्याच्या खांद्यावर पक्षाचं उपरणं आहे की हातात मंत्रालयाचा शिक्का आहे, याने फरक पडत नाही. लिबर्टेरियन विचाराचा हा पाया आहे. आपल्याकडे हा विचार म्हणजे श्रीमंतांनी कर चुकवण्यासाठी शोधलेलं निमित्त, अशी समजूत आहे. मी तो मराठी माणसाच्या बाजूने मांडतो आहे, कारण बळाच्या खेळात मराठी माणूस बहुतेक वेळा मार खाणाऱ्यांत होता.

कोणी म्हणेल, शासन निर्णय हा कागद आहे, थप्पड ही मारहाण आहे. दोन्ही एका पारड्यात कसे? कागदाच्या शेवटाला काय आहे ते बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही चालू ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत. हुकूम पाळायला नकार देणाऱ्या शाळेची मान्यता काढून घेता येते आणि मग हा दंड मागे लागतो. तो भरला नाही तर वसुली, वसुलीला विरोध केला तर पोलीस. प्रत्येक सक्तीच्या टोकाला शेवटी एक दंडुका असतो. मधल्या पायऱ्या जास्त आणि भाषा सभ्य, म्हणून तो दिसत नाही इतकंच.

या तत्त्वात परकं काही नाही. चाळीत मारामारी झाली की मोठी माणसं पहिल्यांदा हेच विचारतात: पहिला हात कोणी उचलला? आपला फौजदारी कायदाही हेच विचारतो. १८६० च्या दंड संहितेत ९६ ते १०६ ही कलमं खाजगी बचावाच्या हक्काची होती. आता भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ आहेत. तोच फटका, तीच जखम, पण आधी मारणारा गुन्हेगार आणि स्वतःला वाचवणारा निर्दोष. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५१ मध्ये याला सूत्राचं रूप दिलं: दुसऱ्याच्या तेवढ्याच स्वातंत्र्याला बाधा येत नसेल तोवर प्रत्येकाने हवं ते करावं. आपले आगरकर जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर वाचूनच घडले. मुंबईत शिकलेल्या श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये लंडनहून ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हे मासिक काढलं, तेव्हा त्याच्या शीर्षभागी स्पेन्सरचीच दोन वचनं छापली. एक समान स्वातंत्र्याचं. दुसऱ्याचा आशय असा की आक्रमणाचा प्रतिकार करणं हे नुसतं समर्थनीय नाही, ते कर्तव्य आहे. म्हणजे हे तत्त्व गांधींची अहिंसा नव्हे. दुसरा गाल पुढे करा असं ते सांगत नाही. पहिला वार करू नका, आणि तुमच्यावर झाला तर तो रोखण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, एवढंच ते सांगतं.

आणखी एक गैरसमज याहून खोल आहे. ‘सरकारने मध्ये पडू नये’ असं म्हटलं की हे तत्त्व पाळलं गेलं, असं अनेकांना वाटतं. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याचा वाद आठवा. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं होतं. टिळकांचं म्हणणं होतं की सुधारणा समाजाने आतून, समजुतीने करावी. परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे. ऐकायला हे आपल्या तत्त्वासारखंच वाटतं. पण त्या घरात पहिला हात आधीच उचलला गेला होता, आणि तो दहा वर्षांच्या मुलीवर होता. तिच्या बाजूने मध्ये पडणं म्हणजे बळाची सुरुवात करणं नव्हतं. सुरू असलेलं बळ थांबवणं होतं. ‘सुधारका’तून आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले ते यामुळेच, असं मी समजतो. त्याच्या थोडं आधी याच मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी नवऱ्याचा दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, असं रखमाबाईंनी सांगितलं. इथे सरकार मध्ये पडलं होतं, पण नवऱ्याच्या वतीने बाईवर बळ वापरायला. एका प्रकरणात सरकारने पुढे यायला हवं होतं, दुसऱ्यात मागे राहायला हवं होतं. ‘सरकार हवं की नको’ हे माप लावलं तर दोन्हींची सांगड लागत नाही. ‘बळ आधी कोणी वापरलं’ हे माप लावलं की लगेच लागते.

आता समोरच्यांचे भक्कम मुद्दे. पहिला आपल्या घरचाच आहे: हात जोडून कोणाला काही मिळालंय का? संयुक्त महाराष्ट्र भांडून मिळाला, शंभरावर माणसांनी रक्त सांडलं तेव्हा मिळाला. खरं आहे. पण ते रक्त कोणी सांडलं? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालवल्या त्या मोरारजी देसाईंच्या पोलिसांनी. हुतात्मे ज्यांना म्हणतो ती माणसं बहुतेक सगळी बळाची बळी होती. जानेवारी १९५६ मध्ये दगडफेक आणि लूट झाली हेही मान्य करायला हवं; मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांच्या हाती त्या दगडांनी आयतं कोलीत दिलं. दिल्लीला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टींनी. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला, अमर शेख आणि अण्णाभाऊंचे पोवाडे गिरणगावात घुमले, आणि १९५७ च्या निवडणुकीत मुंबईसह पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. लेखणी, डफ, सत्याग्रह, राजीनामा, मत. १ मे १९६० च्या मागची ही ताकद आहे. हे ज्यांना नेभळट वाटतं, त्यांनी मीरा रोडच्या थपडेने आजवर काय मिळवलं तेही सांगावं. दुकानदारांनी बंद पाळला. मग ८ जुलैच्या मराठी मोर्चाला मागितलेल्या मार्गावर परवानगी नाकारून पोलिसांनी कार्यकर्त्यांना ताब्यात घेतलं. हे पोलिसांचं वागणं मला पूर्ण चूक वाटतं. घोषणा देत रस्त्याने जाणारा माणूस कोणावर बळ वापरत नसतो. पण आठवडाभर आधीच्या त्या थपडेमुळे मराठी माणसाचा साधा मोर्चासुद्धा धोका म्हणून दाखवता आला.

दुसरा मुद्दा जातीचा आहे, आणि या तत्त्वापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न मी त्यालाच मानतो. हात न लावता माणूस मारता येतो. गावाने ठरवलं की अमक्याला दाणा विकायचा नाही, दळण दळून द्यायचं नाही, त्याच्या मयताला जायचं नाही, तर कोणी कोणाला चापटही मारलेली नसते आणि एक कुटुंब उद्ध्वस्त होतं. बाबासाहेबांनी बहिष्काराला दलितांविरुद्धचं सर्वांत भयंकर हत्यार मानलं आणि १९४७ मध्ये घटनेसाठी मांडलेल्या योजनेत तो शिक्षापात्र गुन्हा करा, अशी मागणी केली. ‘बळ वापरलं नाही ना, मग तक्रार कसली’ असं जो लिबर्टेरियन त्यांना सांगेल, त्याने हा देश पाहिलेला नाही.

पण बहिष्कार टिकतो कसा, याच्या तपशिलात जायला हवं. महाडचंच बघा. चवदार तळं नगरपालिकेचं होतं. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव झाला, नगरपालिकेने तळं खुलंही केलं. कागदावर कोणतीच आडकाठी नव्हती. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना ते पाणी घेता आलं नाही, आणि त्या दिवशी घेतल्यावर काही तासांत लाठ्या घेऊन जमाव बाबासाहेबांच्या महाड परिषदेला आलेल्या माणसांवर तुटून पडला. नुसता मनातला विटाळ तळं राखत नव्हता; त्याच्यामागे लाठी उभी होती आणि लाठीला कोणी हटकत नव्हतं. पुढे तळं खाजगी आहे असा दावा करून विरोधक कोर्टात गेले, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरले. पहिला हात उचलणाऱ्याला रोखायचं, हा नियम ब्रिटिश सरकारने कोकणात नीट पाळला असता, तर तळं तेव्हाच सर्वांचं झालं असतं.

जातपंचायतीचं आणि गावकीचंही हेच आहे. मी एखाद्याशी बोलत नाही, हा माझा हक्क. ‘तू त्याच्याशी बोललास तर तुलाही वाळीत टाकू, दंड भर’ असं पंचांनी तिसऱ्याला बजावणं, ही जबरदस्ती. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीची झळ मुंबईतल्या चाकरमान्यापर्यंत पोचते, कारण त्याचे आईवडील गावात असतात. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. देशातला तो अशा प्रकारचा पहिलाच. पंचांचे हुकूम, दंड आणि धमक्या यांच्याविरुद्ध तो वापरला जातो तिथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे, आणि माझ्या तत्त्वाला तो सोडूनही नाही.

उरतो तो भाग खरोखर कडू आहे. मुंबईत घर भाड्याने शोधणाऱ्या मुसलमानाला, दलिताला, मासे खाणाऱ्या मराठी माणसाला ‘नाही’ ऐकावं लागतं. यातली अनेक ‘नाही’ मालकाची नसतात. मालक तयार असतो आणि सोसायटीची कमिटी त्याच्या मानगुटीवर बसते. तिथे मालक आणि भाडेकरू दोघांच्या करारात कमिटी आडवी येते आहे. तिला दूर सारलं पाहिजे. पण मालकालाच नको असेल तर? तिथे मी थांबतो. त्याची मनोवृत्ती मला किळसवाणी वाटते. त्याचं नाव उघडपणे घ्यावं, त्याच्याशी व्यवहार करू नये, पण कुलूप फोडून आत जाऊ नये. यातून ज्याला आज रात्री घर मिळालेलं नाही त्याला घर मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ‘कोणाला घरात घ्यायचं ते आम्ही ठरवू’ हा अधिकार एकदा सरकारला दिला, की उद्या सरकार बदलल्यावर तो कोणाविरुद्ध फिरेल? महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, तेव्हा परराज्यात कायदेशीर कापलेलं मांस घरात ठेवणं हाही गुन्हा ठरवला होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम खाजगीपणाच्या हक्कावर रद्द केलं. घराच्या दाराआड माणूस मालक आहे, ही भिंत दुबळ्यालाच जास्त लागते.

तिसरा आक्षेप मालमत्तेच्या उगमाचा. ‘माझ्या मालमत्तेला हात लावू नका’ म्हणणाऱ्याची मालमत्ता आली कुठून? कोकणातल्या खोताने जमीन कसून मिळवली नव्हती; सारा गोळा करायच्या अधिकारातून ती त्याच्या हाती आली आणि कुळांकडून वेठ करून घेऊन त्याने ती राखली. हा आक्षेप बिनतोड आहे. म्हणूनच १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेलं खोतीविरोधी विधेयक आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत आलेला कुळांचा मोर्चा मला स्वातंत्र्याच्या बाजूचा वाटतो. रॉबर्ट नोझिक हा अमेरिकी तत्त्वज्ञ लिबर्टेरियनांचा सर्वांत गंभीर पाठीराखा. १९७४ मध्ये मालमत्तेचा सिद्धान्त मांडताना त्याने न्याय्य संपादन आणि न्याय्य हस्तांतरणासोबत तिसरी अट घातली: जुन्या अन्यायाची दुरुस्ती. त्याचे भारतीय चाहते ही अट बहुधा विसरतात. चोरीचा माल परत करायला लावणं हा पहिला हात नाही.

मात्र ‘जुना अन्याय’ म्हणत कोणाच्याही मालमत्तेत शिरायचा परवाना घेता येत नाही. मुंबईच्या जुन्या चाळी हे त्याचं जिवंत उदाहरण. युद्धकाळात घरांची टंचाई होती, फाळणीनंतर निर्वासित आले. अशा वेळी १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूची बाजू खरी होती. गिरणी कामगाराला रस्त्यावर कसं काढणार? कायदा मुदतीचा होता, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. भाड्यातून डागडुजीचा खर्च निघेना, मालकाने दुरुस्ती सोडली. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं तोट्याचं झालं, पागडीचा काळा व्यवहार बोकाळला. इमारती कोसळू लागल्या म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. तेही पुरेना म्हणून १९८६ मध्ये उपकरप्राप्त इमारती ताब्यात घेऊन भाडेकरूंच्या संस्थांना देण्याची तरतूद झाली. मालक कोर्टात गेले. तो खटला अखेर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे पोचला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने निकाल आला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही सरकारने लोकहितासाठी वाटायची ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. दरम्यान १९९७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्यांना मनमानी म्हटलं होतं. पावसाळ्यात टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज चढणाऱ्या भाडेकरूला या सगळ्यातून काय मिळालं? टंचाईचं ओझं सगळ्या शहराने मिळून उचलायला हवं होतं. ते ज्याच्या नावावर इमारत होती त्याच्या एकट्याच्या माथी मारलं, आणि पन्नास-साठ वर्षांनी ते इमारतीसकट भाडेकरूच्या डोक्यावर आलं.

करांबद्दल थोडक्यात. कर ही जबरदस्ती आहे, असं काही लिबर्टेरियन म्हणतात, आणि तर्काने ते चूक नाहीत. पोलीस, न्यायालयं, साथीचा बंदोबस्त यांच्यासाठी मी ती सोसायला तयार आहे, कारण त्यांच्याशिवाय पहिला हात रोखणारा कोणी राहत नाही. पण जबरदस्तीला जबरदस्ती म्हणून ओळखून ती कमीत कमी ठेवणं वेगळं, आणि तिला ‘लोककल्याण’ म्हणून हवी तितकी वाढवणं वेगळं.

आता पुन्हा भाषेकडे. इथे माझेच लोक माझ्यावर चिडतील. सरकारी खिडकीवर मराठीच हवी, यात तडजोड नाही. १९६४ च्या राजभाषा कायद्याचं राज्य आहे, आणि नागरिकाला दुसरं सरकार निवडायची सोय नाही. ज्याच्या हाती दंडुका आहे त्याने नागरिकाच्या भाषेत बोललंच पाहिजे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत मराठीची अट घालणंही मला पटतं. पण एक पैसा अनुदान न घेणाऱ्या शाळेवर २०२० च्या कायद्याने मराठीची सक्ती, आणि खाजगी दुकानाच्या पाटीवर २०२२ च्या दुरुस्तीने मराठी अक्षरांची सक्ती, या दोन्हींना मी विरोध करतो. पहिलीच्या हिंदीला विरोध करताना ‘मुलाने काय शिकावं हे आईबापांनी ठरवावं’ असं आपण म्हणालो होतो. तो मुद्दा खरा असेल तर अंधेरीतल्या गुजराती आईबापांनाही लागू होतो.

मग मराठी जगेल कशी? मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग गेल्या दोन-तीन दशकांत रिकामे होत गेले, कित्येक शाळा बंद पडल्या. त्या कोणा परप्रांतीयाने बंद पाडल्या नाहीत. मराठी आईबापांनी आपली मुलं इंग्रजी माध्यमात घातली, आणि मुलांच्या भल्याचा विचार करून घातली. हा निर्णय बदलायचा तर त्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी इतकं चांगलं शिकवावं लागेल की शेजारची कॉन्व्हेंट फिकी वाटावी. त्यासाठी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पावर भांडावं लागेल. मराठी न बोलणाऱ्या दुकानातून खरेदी न करणं, मराठीत सेवा न देणाऱ्या बँकेतलं खातं बंद करणं, हे दोन्ही मार्ग आज कोणालाही मोकळे आहेत आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मीरा रोडच्या मारहाणीचा खटला मात्र इतर कोणत्याही मारहाणीसारखाच चालला पाहिजे, आणि सरकारने तिसऱ्या भाषेचा निर्णय शाळा आणि पालकांवर सोडला पाहिजे, मग ती भाषा हिंदी असो, गुजराती असो की कोणतीच नसो.